मार्चात हरभरा, जूनमध्ये पेरणी : आयुष मंत्र्यांना खुले पत्र

मा. प्रतापराव जाधव,
केंद्रीय आयुष राज्यमंत्री (स्वतंत्र प्रभार), नवी दिल्ली

जाधव साहेब,

पत्ता दिल्लीचा टाकला असला तरी लिहिते आहे ती वऱ्हाडातल्याच एका माणसाला. तुम्ही मेहकरातून विधानसभेत गेलात आणि मेहकर पैनगंगेच्या काठी. आमचं बोरी अरब अडाणच्या काठी, दारव्हा तालुक्यात. अडाण पुढे अरुणावतीच्या सोबतीने पैनगंगेतच जाते, पैनगंगा वर्धेत, वर्धा प्राणहितेत आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत. पाण्याच्या या नात्याने दोन गोष्टी मागायच्या आहेत. पण त्याआधी आमच्या एका बारगळलेल्या बेताची हकिगत तुम्हाला ऐकावी लागेल.

गावात बायांचा योगवर्ग चालतो, तो मी घेते. वेळ रात्री साडेआठची. योगाच्या कुठल्याही पुस्तकात ही वेळ बसत नाही, पहाट हवी, पोट रिकामं हवं, मन ताजं हवं. आमच्याकडे पहाटे नळ येतो. मग पाणी, चूल, डबे, पोरांची शाळा, आणि आठच्या सुमाराला शेताची वाट. संध्याकाळी परतल्यावर पुन्हा चूल. तेव्हा बाया काय करतात, तर घरच्यांना वाढून स्वतः न जेवता वर्गाला येतात आणि सुटल्यावर घरी जाऊन जेवतात. पोट रिकामं असण्याचा नियम असा पाळला जातो. येणाऱ्यांत बहुतेक जणी शेतमजुरी करणाऱ्या किंवा स्वतःच्या दोन-चार एकरांत राबणाऱ्या आहेत. अंगणवाडीच्या एक ताई आहेत, शिवणकाम करणाऱ्या दोघी-तिघी आहेत, आणि सुनेला सोडायला म्हणून आलेल्या आणि सून येईनाशी झाली तरी येत राहिलेल्या एक सासूबाई आहेत.

या वर्गात कोणीतरी फोनवर ऋषिकेशच्या योगमहोत्सवाचा व्हिडिओ दाखवला. घाटावर ओळीने चटया, देशोदेशीची माणसं, समोर गंगा, संध्याकाळी आरतीचे दिवे. "ताई, आपनही जाऊ," अशी सुरुवात झाली आणि बघता बघता बेत ठरला.

मी माहिती काढायला बसले. परमार्थ निकेतन हा तिथला मोठा आश्रम, १९४२ पासूनचा, गंगेच्या पैलतीरी स्वर्गाश्रम भागात. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात तिथे आठवडाभर आंतरराष्ट्रीय योगमहोत्सव भरतो. पहाटे साडेचार-पाचपासून रात्रीपर्यंत एकामागून एक वर्ग, शिकवणारे जगभरातले, बोलणं मुख्यतः इंग्रजीत. अलीकडच्या तीरावर मुनी की रेतीला उत्तराखंडचा पर्यटन विभागही आपला वेगळा महोत्सव भरवत आला आहे, तोही मार्चातच. नदीच्या त्या एका वळणावर तीन जिल्हे भेटतात: ऋषिकेश शहर देहरादूनमध्ये, मुनी की रेती टिहरीत, स्वर्गाश्रम पौडीत. या गावाचा लौकिक तसा फार जुना नाही. मलायात डॉक्टरकी केलेल्या स्वामी शिवानंदांनी १९३६ मध्ये तिथे दिव्य जीवन संघ काढला, १९६८ मध्ये बीटल्स महर्षी महेश योगींच्या आश्रमात येऊन राहिले, आणि मग जगाने ऋषिकेश ओळखलं. आमच्या सासूबाईंना या कशाशीच देणंघेणं नव्हतं. त्यांना लक्ष्मणझुला पाहायचा होता. तो जुना पूल धोक्याचा ठरवून बंद केला आहे, आता रामझुला नाहीतर २०२० मध्ये खुला झालेला जानकी सेतू, असं सांगितल्यावर त्या दोन दिवस नाराज होत्या.

मग रस्ता. बोरीहून यवतमाळ, यवतमाळहून नागपूर, नागपूरहून रात्रभराची गाडी दिल्लीला, दिल्लीहून हरिद्वार आणि तिथून तासाभरावर ऋषिकेश. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे नागपूरपर्यंतची चिंता नाही. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये बंद झाली ती अजून परत आलेली नाही, आणि आमच्यातल्या चौघी साठीच्या पुढच्या. आरक्षण फक्त साठ दिवस आधी उघडतं, त्यामुळे सगळ्यांचे आधार क्रमांक, वयं आणि आडनावांची स्पेलिंगं गोळा करून मी जानेवारीची वाट पाहत बसले. (आमच्या तालुक्यातून यवतमाळ ते मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे धावायची, ती बंद पडली. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. पुढचा होईल तेव्हा होईल. हे रेल्वेचं खातं तुमच्याकडे नाही, म्हणून कंसात.)

पैशांचंही जुळत आलं होतं. लाडकी बहीण योजनेच्या १५०० रुपयांतले काही दर महिन्याला बचत गटाच्या पेटीत वेगळे टाकायचे, उरलेले कापसाच्या चुकाऱ्यातून, असं सर्वांनुमते ठरलं. कोणाच्याही नवऱ्याने हरकत घेतली नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

मोडलं ते तारखेपाशी. मी फळ्यावर महोत्सवाचा आठवडा लिहिला आणि मागून आवाज आला, "मार्चात? मंग हरभरा कोन सोंगन वं ताई?"

त्यानंतर कोणाला थांबवणं शक्य नव्हतं. "गहू उभा राहीन थ्या टायमाले." "पोट्ट्याची दहावी हाय माह्या." "अन् सोसायटीचं भराचं मार्चातच येते." शेवटचं तर कळीचं होतं. मार्चअखेरच्या आत पीककर्ज भरलं नाही तर व्याजाची सवलत जाते, आणि ते भरायला हरभरा निघून बाजारात जावा लागतो. हरभऱ्याची सोंगणी बायांनी करायची, मळणी यंत्राने आणि विक्री पुरुषांनी, अशी आमच्याकडे कामाची वाटणी आहे. पहिल्याच पायरीवरच्या बाया आठवडाभर ऋषिकेशला गेल्या तर पुढचं सगळं अडतं.

महोत्सव मार्चात का, हे मला समजतं. थंडी सरलेली असते, चारधामची गर्दी अजून सुरू झालेली नसते, परदेशी पाहुण्यांना हवामान मानवतं. यात कोणाचा दोष नाही. आमच्यासाठी तो भरवलेलाच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पण मग मी कॅलेंडर हातात घेऊन वर्षभरातले योगाचे बाकीचे दिवस पाहिले, आणि हे पत्र त्यातून निघालं आहे. २७ सप्टेंबर २०१४ ला पंतप्रधानांनी संयुक्त राष्ट्रांत योगदिनाचा प्रस्ताव मांडला, ११ डिसेंबरला १७७ देशांच्या पाठिंब्याने तो मंजूर झाला आणि २१ जून ठरला. उत्तर गोलार्धातला सर्वांत मोठा दिवस म्हणून. वऱ्हाडात २१ जूनला काय चाललेलं असतं, हे मेहकरातल्या माणसाला सांगायला नको. मृग बरसला तर पेरण्यांची धांदल, मृग कोरडा गेला तर सगळ्यांचे डोळे आर्द्रावर, आणि आर्द्रा लागतं नेमकं २१-२२ जूनच्या सुमाराला. सरकी टोबायला बायाच लागतात. ओल आहे तोवर टोबायचं असतं, उद्यावर टाकता येत नाही. त्या दिवशी सकाळी सहाला मैदानात चटई अंथरून बसेल अशी बाई बोरीत तर नाहीच, अख्ख्या तालुक्यातही नसेल.

बरं, शाळेतली पोरं तरी? विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून उघडतात. २०२५ मध्ये तिकडे १६ जूनला घंटा वाजली, इकडे २३ जूनला. म्हणजे जागतिक योगदिनी आमच्या शाळांना सुट्टी होती. शिक्षक येतात, जवळपासची दहा-वीस पोरं बोलावून आणतात, ताडासन होतं, फोटो निघतो, फोटो वर जातो. त्याच दिवशी विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर लाखो लोक एकाच वेळी हात वर करत होते, आणि टीव्हीवर ते पाहायलाही आमच्याकडे घरात कोणी नव्हतं.

त्याच वर्षी २ मेला, योगदिनाला पन्नास दिवस उरले म्हणून, तुमच्याच मंत्रालयाने नाशिकला पंचवटीत गोदाकाठी मोठा योगमहोत्सव घेतला. नदीकाठचं तीर्थ, मराठी मुलूख, सगळं आमच्या मनासारखं. पण मे महिना! शेतं रिकामी असतात हे खरं, पण पारा ४४ वर, गावात लग्नांची रीघ आणि विहिरी तळाला. मे महिन्यातली आमच्याकडची बाई मोकळी दिसते ती फक्त दुरून.

दिल्लीत, ऋषिकेशला किंवा नाशिकला बसून ठरवलेल्या या तारखांत एक समान गोष्ट आहे. योग ज्यांना शरीर हलवायला लावण्यासाठी सांगावा लागतो, त्यांच्या सोयीच्या त्या आहेत. ज्यांचं शरीर आधीच दिवसाचे दहा तास हललेलं असतं, त्यांचा विचार त्यांत नाही. आणि तारखांपुरतंच हे असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. शिकवण्यातही तेच आहे.

२०२१ मध्ये तुमच्या मंत्रालयाने 'वाय-ब्रेक' आणला. कामाच्या जागी करायचा पाच मिनिटांचा योग. सरकारी कार्यालयांना परिपत्रकं गेली, ॲप निघालं. पुढे २०२३ मध्ये खुर्चीवरून न उठता करायचा प्रकारही आला. कल्पना उत्तम आहे, खोचकपणे म्हणत नाही. खुर्चीवर बसून मान आखडते, पाठ धरते, त्यावर कोणीतरी विचार केला, क्रम बसवला, तो तपासला. माझा प्रश्न इतकाच, की खुर्ची नसलेल्या कामाच्या जागेचं काय?

कापूस वेचणं तुम्ही पाहिलेलं आहे, तरी जवळून सांगते. पऱ्हाटी कमरेएवढी किंवा छातीएवढी, पण खालची बोंडं गुडघ्याच्याही खाली. बाई कमरेत वाकते ती ओळ संपेपर्यंत वाकलेलीच. डाव्या हाताने फांदी धरायची, उजव्याच्या तीन बोटांनी बोंडातला कापूस काडीकचरा न येऊ देता ओढायचा आणि कमरेला बांधलेल्या ओटीत टाकायचा. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेची कातडी फाडतात. डिसेंबरात आमच्या वर्गात नमस्कारासाठी हात जोडले की बोटांवर चिकटपट्ट्या दिसतात, नाहीतर हळद. ओटी भरत जाते तसं वजन पुढे येतं आणि आधीच वाकलेली कंबर आणखी पुढे ओढली जाते. दसऱ्यापासून सुरू झालेलं हे जानेवारीपर्यंत चालतं. त्यातली मेख अशी, की वेचाई किलोवर मिळते. कंबर सरळ करण्यात गेलेली पाच मिनिटं बाईच्या मजुरीतून कापली जातात. कार्यालयातल्या कर्मचाऱ्याचे पाच मिनिटांचे पैसे कोणी कापत नाही.

वर्गात मी पादहस्तासन सांगते तेव्हा हशा पिकतो. योगदिनाच्या सामायिक क्रमात ते आहे, उभं राहून कमरेत वाकून हात जमिनीला टेकवायचे. "हे त सकाळपासून करून राह्यलो आम्ही, आता काही दुसरं सांगा." म्हणून मी ते आमच्या क्रमातून काढूनच टाकलं. अर्धचक्रासन ठेवलं, भुजंगासन, सेतुबंध, खांदे मागे नेण्याचे प्रकार, मनगटं आणि बोटं सोडवणं, आणि शेवटी शवासन थोडं लांबवलं. निंदणाच्या दिवसांत आणखी बदल. शहरात उकिडवं बसता येत नाही म्हणून ते मालासन या नावाने शिकवावं लागतं. आमच्या बाया खुरपं हातात धरून दिवसभर त्याच आसनात पुढे सरकत असतात. त्यांना पाय लांब करून पाठ टेकवायची असते, गुडघ्यांना सुटका हवी असते. शवासनात चार जणी घोरायला लागतात. मी उठवत नाही. योगनिद्रेचं शास्त्र मला माहीत आहे, आणि बाईची झोप किती तासांची असते तेही.

हे सगळं मी अंदाजाने करते. मी शिक्षिका आहे, संशोधक नाही. वेचणाऱ्या बाईने दुपारच्या भाकरीआधी नेमकं काय करावं, काय टाळावं, पाळीच्या दिवसांत काय, पन्नाशीनंतर गुडघे गेलेल्यांनी काय, हे कोणी तपासून सांगितलेलं माझ्या वाचनात नाही. माझी पहिली मागणी हीच. शेतावरचा 'वाय-ब्रेक' बसवा. सात-आठ मिनिटांचा, धुऱ्यावर उभ्याने करता येणारा. काळ्या मातीत चटई अंथरता येत नाही, लुगड्यावरून पुरुषाचा जुना शर्ट घातलेला असतो, आणि मोबाईल असला तरी पाहायला हात मोकळे नसतात. म्हणून ऐकून करता येईल असा, आणि वऱ्हाडी बोलीत. वेचणीचा वेगळा, निंदणाचा वेगळा, उसाच्या मुलखासाठी मोळी वाहण्याचा वेगळा.

हे करू शकणारी माणसं तुमच्या हाताशी आहेत. महाराष्ट्राचं योगातलं काम पाहिलं तर लोकांच्या गरजेप्रमाणे योग बदलून घेणं हेच त्यातलं सर्वांत मोठं काम आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, नर्मदाकाठच्या मालसरला माधवदास महाराजांकडे शिकले, पण तिथेच बसून राहिले नाहीत. बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान आणि नौलीच्या क्ष-किरण तपासण्या करून त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं, 'योगमीमांसा' सुरू केलं. आसनात पोटाच्या आत काय होतं, हे शंभर वर्षांपूर्वी त्या माणसाला मोजून पाहावंसं वाटलं. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्याला आले आणि ज्यांचे गुडघे वाकत नव्हते त्यांच्यासाठी पट्टे, विटा, दोर, खुर्च्या वापरायला लागले. आज ऋषिकेशच्या महोत्सवात जे 'अय्यंगार योग' म्हणून शिकवलं जातं ते पुण्यात घडलेलं आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, त्यांचं पथक १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी प्रात्यक्षिकं दाखवून आलं. आणि नागपूरच्या रामनगरातलं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ. लग्नाआधी नागपुरात असताना मी तिथे शिकले. एक पैसा द्यावा लागला नाही, आजही तिथे द्यावा लागत नाही. विदर्भात गावोगावी जे फुकट वर्ग चालतात, त्यांतले कितीतरी त्या एका झाडाच्या फांद्या आहेत, आमचाही त्यातलाच.

तेव्हा कैवल्यधामला सांगा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शेतकरी बायांचे कष्ट कमी करणाऱ्या साधनांवर पुष्कळ काम झालेलं आहे, त्यांना सोबत घ्या. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहेच. या लोकांनी दोन हंगाम आमच्यासोबत शेतात उभं राहावं, म्हणजे काम होईल. खासगी शेतमालकावर तुम्ही सक्ती करू शकत नाही हे मान्य. पण रोजगार हमीच्या कामावर, सरकारी रोपवाटिकेत, कृषी विद्यापीठांच्या स्वतःच्या प्रक्षेत्रावर मजुरी न कापता ही सात मिनिटं देता येतील की नाही, ते पाहा. आधी सरकारने आपल्या धुऱ्यावर करून दाखवावं.

दुसरी मागणी तारखेची. आम्हाला रथसप्तमी द्या.

कॅलेंडर घेऊन बसले होते तेव्हा सापडलेलं हे उत्तर आहे, आणि शोधून काढलं असंही म्हणवत नाही, कारण ते घराघरात होतंच. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडे हळदीकुंकू चालतं. वर्षातले हे एवढेच दिवस, जेव्हा बाईने घराबाहेर पडून दुसऱ्या बायांकडे जाणं हे तिचं कर्तव्य मानलं जातं. कुठे चाललीस, असं कोणी विचारत नाही. शेतात वेचण्या सरत आलेल्या असतात, फरदडीचा थोडा कापूस तेवढा उरतो. तूर निघालेली असते. हरभरा घाट्यावर असतो, सोंगणीला अवकाश असतो. थंडी असते पण बोचत नाही. शाळा सुरू असतात. हातात कापसाचे थोडे पैसे असतात. आणि दिवस सूर्याचा. मराठी शाळांत रथसप्तमीला सूर्यनमस्कार घालण्याची चाल आजची नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात शाळाशाळांतून सूर्यनमस्कार घालायला लावले, त्यावर पुस्तक लिहिलं, स्वतः म्हातारपणापर्यंत घातले. त्यांचं नाव युरोपात पोचलं होतं, आपल्याकडे मात्र आता फारसं कोणी घेत नाही.

एक शंका तुमच्या मनात येईल, ती मीच मांडते. आमच्या वर्गात मुसलमान बायाही आहेत. सूर्यनमस्कारावरून २०१५ मध्ये बराच वाद झाला, आणि योगदिनाच्या सामायिक क्रमात तुम्ही ते ठेवलेले नाहीत. इथेही ठेवू नका. रथसप्तमी ही तारीख म्हणून मागते आहे, पूजा म्हणून मागत नाही. पूजा ज्याची त्याने घरी करावी. नाव 'शेतकरी महिलांचा योगदिवस' असं साधं ठेवा. आमच्या वर्गातल्या आपा गेल्या संक्रांतीला तिळगूळ घ्यायला आल्या तेव्हा तारखेचं सर्वांत आधी त्यांनाच पटलं, कारण त्या कापसाच्या वेचणीला सर्वांत लांब जातात.

जागा नदीकाठची हवी, एवढा हट्ट आहे, तेवढा करू द्या. बोरीतच घ्या असं म्हणत नाही, जानेवारी-फेब्रुवारीत अडाणला किती पाणी राहील हे वरच्या धरणावर असतं. वर्धेच्या काठी कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर. तिथून पंढरपूरला पालखी जाते, आणि माहेर म्हटलं की बायांना निमंत्रण वेगळं लागत नाही. पैनगंगेच्या बाजूला माहूर आहे. कारंजा आमच्या अगदी शेजारी. तिथे जन्मलेले नृसिंह सरस्वती तरुणपणी काशीला गेले, संन्यास घेतला, पण राहिले ते इकडे परतून, कृष्णेच्या काठी वाडीला आणि भीमेच्या काठी गाणगापूरला. उत्तरेला जाऊन यायचं आणि आपल्या नदीकाठी बसायचं, ही आमच्या मुलखातली जुनी रीत आहे.

मोठा मंडप नको. विश्वविक्रम तर नकोच. विक्रमासाठी बायांना पहाटे चारला ट्रॅक्टरमध्ये भरून आणलं जातं आणि रांगेत तासन्‌तास बसवलं जातं. तसं होणार असेल तर हे पत्र मिळालंच नाही असं समजा. टी-शर्ट वाटू नका, आमच्या बाया ते नवऱ्याला नाहीतर पोराला देतात. त्या पैशांत प्रत्येक तालुक्यात दोन बाया शिक्षिका म्हणून तयार करा, त्यांना प्रमाणपत्राची परीक्षा मराठीत देता येऊ द्या, आणि मानधन महिन्याच्या महिन्याला जाऊ द्या.

आता आमच्या बेताचं. तो मोडलेला नाही, बदलला आहे. ऋषिकेशला आम्ही जाणारच, पण महोत्सवाला नाही. माघात जाऊ, रथसप्तमी आटोपल्यावर, हरभरा सोंगायला येण्याच्या आत. तिथे तेव्हा कडाक्याची थंडी असेल, त्यामुळे स्वेटरांची जमवाजमव आधी करावी लागेल. परदेशी पाहुणे नसतील, पण गंगा असेल, आणि खरं विचारलं तर निम्म्या जणींना योगापेक्षा तीच पाहायची होती. घाटावर जागा मिळाली तर आम्ही आमचाच क्रम करू, पादहस्तासन वगळून. साठ दिवसांचा हिशेब धरून तिकिटं डिसेंबरच्या उत्तरार्धात काढायला घेऊ. सासूबाईंनी खालचा बर्थ आत्ताच मागून ठेवला आहे.

येती रथसप्तमी १३ फेब्रुवारी २०२७ ला आहे, शनिवार आहे, आणि महिन्यातला दुसरा शनिवार म्हणून बँकेलाही सुट्टी आहे. मंत्रालयाचं काही ठरो न ठरो, बोरीच्या समाजमंदिरात त्या दिवशी सकाळी दहाला वर्ग होईल. दहाला अशासाठी की तोवर घरची कामं उरकतात. मेहकरकडे येणं झालं तर कारंजा-दारव्हा मार्गे बोरी फार आडवळणाला पडत नाही. सतरंज्या आमच्याकडे आहेत, व्यासपीठ आणि साऊंड लागत नाही. एखादा वेचणीवर काम केलेला जाणकार माणूस सोबत आणलात तर बाया त्याला विचारायचे प्रश्न आधीच काढून ठेवतील, आणि ते थोडे नसतील.

कळावे,
आपली,
बोरी अरबच्या महिला योगवर्गाची शिक्षिका
ता. दारव्हा, जि. यवतमाळ